होडीत काढलेली धार

धारेची वेळ झाली आणि तिची बोटं दुखायला लागली.

बाजाराच्या मोठ्या पत्र्याच्या शेडमध्ये, धान्याची पोती रचायच्या ओट्यावर दूधवाली बसली होती. नदीकाठची सगळी वस्ती कालपासून इथेच होती. कुणी पातेली आणली होती, कुणी गाद्या. एका बाईने घाईत भिंतीवरचं घड्याळच काढून आणलं होतं आणि दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून ते मांडीवर धरून ती येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ सांगत होती. दूधवाली मात्र रिकाम्या हातांनी आली होती. तिचं जे काही होतं त्याला पाय होते, आणि पाय असलेलं काही ट्रकमध्ये घ्यायचं नाही असं ठरलेलं होतं.

"माणसं आधी, काकू," ट्रकवाला म्हणाला होता. "जनावरांचं मग बघू."

पाऊस इथे पडलाच नव्हता. आभाळ धुऊन वाळत घातल्यासारखं स्वच्छ होतं. पडला होता तो वर, डोंगरात, आणि नदीने तो सगळा गोळा करून इथे आणून ओतला होता. लख्ख उन्हात पाणी गल्लीत शिरलं, ओसरीवर चढलं, आणि कुणाला खरंच वाटेना. तिने गोठ्याचं फाटक सताड उघडलं, खुंट्यावरचे दोर सोडले, थोरल्या शेळीच्या कपाळावर हात ठेवला आणि ट्रकमध्ये चढली. कुत्र्यांपुरता नियम मोडायला ट्रकवाला तयार होता. ढमी ट्रकपाशी आली, चाक हुंगलं, तिच्याकडे पाहिलं आणि परत गोठ्यात गेली. मुकादम तर फाटकातून हललाच नाही.

मुकादम आणि ढमी ही भावंडं. डोळे उघडायच्या आधीच तिने दोघांना शेळ्यांत ठेवलं होतं आणि थोरलीला पाजायला लावलं होतं. त्यामुळे आपण कुत्री आहोत हे त्या दोघांना कुणी नीट सांगितलंच नाही. शेळ्यांना हाकणं हे त्यांचं काम नव्हे. शेळ्या जातील तिकडे मागून जायचं, त्या चरतील तिथे बाजूला बसायचं, आणि कुणी त्यांतली एखादी उचलायला आला की मध्ये उभं राहायचं. ढमी गोल, झोपाळू, चटकन विरघळणारी. मुकादम मोजून पावलं टाकणारा, कामावर कोण उशिरा आलं हे बघत फिरल्यासारखा. नाव त्यावरूनच पडलेलं.

"काय गं, बोटं मोडतेस?" शेजारी बसलेली भट्टीवाली म्हणाली. तिची वीटभट्टी गोठ्याला लागूनच होती, आणि दोघींचं भांडणही तितकंच जुनं आणि लागून होतं.

"धारेची वेळ झाली."

"मग काढ माझी," भट्टीवाली म्हणाली, आणि दोघी हसल्या. हसता हसता दूधवालीचे डोळे भरून आले, तेव्हा भट्टीवालीने दुसरीकडे बघून नाक शिंकरलं.

इतक्यात शेडच्या दारात गलका झाला. सकाळी नावाड्याबरोबर गेलेला दूधवालीचा नवरा परत आला होता. तो शिंपी. वस्तीतल्या सगळ्यांच्या कमरांची मापं त्याला पाठ होती आणि ती चारचौघांत बोलून दाखवायची त्याला वाईट खोड होती. सगळे त्याला मास्तर म्हणत. नावाडी मागून आला, ओल्या गुडघ्यांनी.

"आहेत!" मास्तर लांबूनच ओरडला. "सगळ्या आहेत गं! भट्टीवर चढून बसल्यात!"

"माझ्या भट्टीवर?" भट्टीवाली उठलीच.

"वरच्या थरापर्यंत. विटा चढवायला मजुरांच्या पायऱ्या आहेत ना, त्यावरनं गेल्या. खाली सगळं पाणी, आणि या वर राण्यांसारख्या बसल्यात."

दूधवालीने त्याच्या मागे पाहिलं. मागे नुसता नावाडी होता. "मग? आणल्या नाहीत?"

"आणतो! मुकादमानं पावती मागितली."

"अहो, नीट सांगा."

"नीट काय सांगू! मी होडीच्या फळीवरनं वर चढलो. तो वरच्या पायरीवर उभा. म्हटलं, मुकादम, मी आहे रे. त्यानं ओळखलं. शेपूट हलवली, खोटं कशाला बोलू. मग मी ते पांढरं करडू उचललं, आणि त्यानं माझी बाही धरली."

त्याने बाही पुढे केली. कापडावर दातांच्या ओल्या खुणा होत्या.

"चावला?"

"चावला असता तर निदान मला चिडता आलं असतं. नुसती धरून ठेवली. करडू खाली ठेवलं की सोडली. पुन्हा उचललं, पुन्हा धरली. आणि बघ, शिवण उसवली नाही एवढीशी. शिंप्याच्या घरचा आहे, कापडाची कदर आहे त्याला."

आजूबाजूचे हसले. नावाडी हसला नाही. तो एरवी नदीतली वाळू वाहायचा. त्याची होडी रुंद, चपट्या बुडाची. बोलायचा कमी.

"काकू," तो म्हणाला, "मला तर त्यानं फळीवर पायच ठेवू दिला नाही. गुरगुरला पण नाही. आडवा उभा राहिला, बास. आता ऐका. संध्याकाळी वरच्या धरणाचे दरवाजे उघडणार आहेत. आधी भोंगा वाजेल. पाणी अजून चढलं की भट्टी राहत नाही. त्याच्या आत माझी एक खेप होईल. पण तुम्ही आलात तरच."

शेडमधल्या सगळ्यांनी दूधवालीकडे पाहिलं. कारण दूधवालीला पाण्याचं भय होतं, आणि हे सगळ्यांना माहीत होतं. बाजाराला येताना ती पूलसुद्धा डोळे मिटून, मास्तरची बाही धरून ओलांडायची. लहानपणी काही घडलं होतं असं नव्हे. कुणी विचारलं तर म्हणायची, "पाणी खालून बघतं."

"अहो, तुम्ही परत जाऊन बघा ना," ती नवऱ्याला म्हणाली. "माझ्या पदराचा तुकडा कापून न्या. वास येईल त्याला."

"पदराला धार काढता येते का?" भट्टीवाली म्हणाली. "अगं, जा. आजवर माझ्या ओल्या विटांवर नाचून निम्म्या वस्तीच्या भिंतींत खुरं उमटवलीत तुझ्या शेळ्यांनी. काठी घेऊन पळवलं मी त्यांना. आणि आता तिथंच बसल्यात, वाहून गेल्या तर मी काठी कुणावर उगारू?" मग जरा हळू आवाजात नावाड्याला विचारलं, "माझा जावई दिसला का रे?"

जावई म्हणजे तिचा म्हातारा एडका. कामाचा ना धामाचा, पण जेवायला वेळेवर, म्हणून जावई.

"वाकड्या शिंगांचा? सगळ्यात वर बसलाय."

"बसणारच," भट्टीवाली म्हणाली. "मानाची जागा सोडतोय होय तो."

दूधवालीने पदराने चेहरा पुसला आणि उठून उभी राहिली. "डोळे मिटले तर चालेल ना?" तिने नावाड्याला विचारलं.

"होडी मी चालवतो, काकू. तुमचे डोळे कशाला लागतात?"

ती होडीच्या अगदी मध्ये, तळाशी बसली. दोन्ही हातांनी मास्तरची पोटरी धरली. होडी हलली तसा तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला आणि तिने डोळे घट्ट मिटले.

मास्तर उभ्याने बोलत राहिला. "ही आली पिठाची गिरणी. आपण रस्त्यावरनंच चाललोय, नुसतं समज चाकं भिजलीत. गच्चीवर कुणीतरी कपडे वाळत घातलेत, आणि वाळलेत बघ, एवढ्या पाण्यात. आता डाव्या हाताला वळलो. हे आपलं दुकान. पाटी दिसतेय वरची. 'जुने कपडे दुरुस्त करून मिळतील'."

"मशीन?" तिने डोळे न उघडता विचारलं.

"तुळईला टांगलंय मी दोरानं. वटवाघळासारखं लटकत असेल. तू घाबरू नकोस."

"मी मशीनसाठी घाबरत नाहीये."

"माहितीय. मी घाबरतोय मशीनसाठी. तू तुझं घाबर."

नावाडी पहिल्यांदा हसला.

मग वास आला. ओल्या केसांचा, लेंड्यांचा, राखेचा. आणि त्याच्यामागून आवाज आले, एकात एक मिसळलेले, पण तिला एकेक वेगळा ऐकू येत होता. तिने डोळे उघडले. समोर भट्टी होती. पाण्यातून वर आलेल्या विटांच्या पायऱ्या, आणि पायरीपायरीवर तिच्या शेळ्या. काळ्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या. कडेला ढमी पोट टेकून बसलेली, तिच्या कुशीत पांढरं करडू. सगळ्यांत खाली, पाण्यापासून एका पायरीवर मुकादम. पोटापर्यंत चिखल वाळलेला. रात्रभर बसला नसावा. पाय थरथरत होते, तरी उभा होता.

"मुकादम!" तिने हाक मारली.

त्याची सगळी मागची बाजू हलली. कान मागे गेले. पण तो जागचा सुटला नाही.

"ये रे बाळा. ये होडीत."

तो कुईं कुईं करू लागला, पुढचा एक पाय उचलला आणि पुन्हा तिथेच ठेवला. नावाड्याने फळी टाकली. मास्तर म्हणाला, "तू वर जा, तुला नाही अडवायचा." ती उठायला गेली. होडी डुलली आणि ती मटकन खाली बसली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा बसली. इतकं जवळ येऊन ती फळीपर्यंत पोचू शकत नव्हती, आणि तो पायरी सोडू शकत नव्हता. दोघं एकमेकांकडे बघत राहिली.

"काकू, ऊन उतरतंय," नावाडी हळूच म्हणाला.

तेव्हा वरच्या पायरीवरून थोरली ओरडली. भुकेचं ओरडणं नव्हे, भीतीचंही नव्हे. दूधवालीने मान वर करून तिच्या पायांमध्ये पाहिलं. कास दगडासारखी तटतटलेली. मग बाकीच्यांकडे पाहिलं. करडं केव्हाच दुधावरून तुटलेली, ओढायला कुणी नाही. सगळ्या फाकट्या पायांनी उभ्या. तिला स्वतःची बोटं आठवली, मघापासून दुखणारी.

"अगं बायांनो," ती म्हणाली, "तुम्हालाही होतंय होय!"

होडीतलं पाणी उपसायचा पत्र्याचा डबा शेजारी पडला होता. तिने तो ओढला, बाटलीतल्या प्यायच्या पाण्याने विसळला, पदराने पुसला. मग रोज गोठ्यात वाजवायची तसा डब्याच्या बुडावर बोटांनी ताल धरला आणि गायला लागली. आवाज आधी कापला, मग सुराला लागला.

"धारेला बसले बाई, डबा माझ्या गुडघ्यात,
थोरलीचं सारं सुख उतरतं या डब्यात."

थोरलीने कान टवकारले. एक पायरी उतरली. थांबली. आणखी एक उतरली. मुकादम वळून तिच्याकडे बघू लागला. थोरली त्याच्या अंगाला अंग घासून पुढे आली, फळी हुंगली, आणि वस्तीच्या बाजारात भाजी बघायला निघालेल्या बाईसारखी सरळ होडीत उतरली. दूधवालीपाशी येऊन मागचे पाय फाकवून उभी राहिली.

पहिली धार डब्यात वाजली.

मुकादमाने वाट सोडली. त्याच्या हिशोबात काही बिघडलंच नव्हतं. कुणी काही उचलून नेत नव्हतं. शेळ्या आपल्या पायांनी आपल्या बाईकडे धारेला चालल्या होत्या, आणि शेळ्या जातील तिकडे जायचं, हेच तर काम.

"थोरली माझी शहाणी, धाकटी माझी खुळी,
दोघी माझ्या वेलीवर एक फूल, एक कळी."

एकामागून एक उतरू लागल्या. प्रत्येकीची कास जरा हलकी करायची, पाठीवर थाप मारायची, पुढे सरकवायची. नावाडी एकेकीला बाजूंवर वाटून बसवत होता, होडी एकीकडे कलू नये म्हणून. डबा भरला तसा त्याने तो उचलून तोंडाला लावला, अर्धा एका दमात संपवला, उरलेला मास्तरला दिला. मास्तरने ओठ पुसले. "आयुष्यात पहिल्यांदा दूध पाण्यावर मिळालं, पाणी दुधात नाही," तो म्हणाला.

"माझ्या दुधाला नावं ठेवता?"

"तुझ्या नाही गं! माझ्या आईच्या शेजारणीच्या."

"पाणी आलं दाराशी, पाण्याला सांगा कुणी,
दारात बसलीत माझी भावंडं राखणी."

ढमी करडाच्या मागोमाग आली आणि सगळ्यांच्या पायांत शिरून आडवी झाली. मुकादम शेवटी आला. फळीवर चढला, अर्ध्यावर थांबला, वर पाहिलं आणि उलट फिरला.

"आता काय?" नावाडी म्हणाला.

भट्टीच्या माथ्यावर जावई बसून होता. धार काढायला त्याच्यापाशी काही नव्हतं, गाणं त्याच्यासाठी नव्हतं, आणि मान दिल्याशिवाय उठायची त्याला सवय नव्हती. मुकादम त्याच्याजवळ जाऊन उभा राहिला.

"अरे, तो आपला नाही!" दूधवाली ओरडली. "भट्टीवालीचा आहे तो! ये तू!"

मुकादमाने ऐकलं आणि खाली बसला. रात्रभर जो कळपात होता तो कळपातला, एवढंच त्याला ठाऊक होतं.

मास्तरने विजार वर दुमडली. "मी जातो."

"अहो, पुन्हा बाही धरेल."

"धरू दे. दोन बाह्या आहेत."

तो विटांच्या पायऱ्या चढून गेला. एडक्याच्या पोटाखाली हात घातले, "चला जावईबापू, मांडव मोडला," म्हणत त्याला छातीशी उचललं आणि मुकादमाकडे पाहिलं. मुकादम उठला. मास्तरने डोळे बारीक केले. पण यावेळी कुत्रा नुसता मागे मागे येऊ लागला, नाकाने मास्तरच्या पोटरीला ढोसत, जरा लवकर चल म्हणत. कळप आता होडीत होता, आणि मास्तर तिकडेच येत होता. घेऊन जाणाऱ्याला तो आडवा येत असे. आणणाऱ्याला त्याची ना नव्हती.

मास्तर होडीत उतरला तेव्हा एडक्याच्या वजनाने लालबुंद झाला होता आणि चेहऱ्यावर असा आनंद होता, जसा कुणाचा अंगरखा पहिल्याच मापात बसल्यावर असे. "बघितलंस ना?" तो म्हणाला. "ऐकलं त्यानं माझं."

"ऐकलं हो," दूधवाली म्हणाली. डोळे उघडे होते तिचे. चारी बाजूंना पाणी होतं, आणि तिच्या मांडीवर एका शेळीची हनुवटी होती.

बाजाराच्या धक्क्याला लागताना भोंगा वाजला, लांबलचक. नावाड्याने पाठीमागे एकदा पाहिलं आणि दोर खुंट्याला दोन वेढे जास्त दिले.

शेडचा मागचा कोपरा त्यांना दिला. पोती रचून कुंपण केलं, आणि शिरायला एक फट ठेवली. भट्टीवाली धावत आली, जावयाला शिंगांना धरून हलवलं, शिव्या दिल्या, मग त्याच्या कपाळाला कपाळ टेकून उभी राहिली. काही वेळाने दूधवालीला म्हणाली, "विटा गेल्या असतील एव्हाना."

"हं."

"कच्च्या होत्या अर्ध्या. पुन्हा पाडू." मग म्हणाली, "तुझ्या बायांना सांग, नव्या विटांवर आल्या तरी काठी उगारणारच मी."

"मी तरी कुठं नको म्हणते."

सगळी वस्ती बघायला येत होती. माणसं येत, डोकावत, पोरांना उचलून दाखवत, कुणी हात घालायला बघत. आणि मुकादम उठत होता. दर पावलाला उठत होता. पाय आता उघडच लटपटत होते. ढमीही पुन्हा पुन्हा मान वर काढत होती. अन्न ठेवलं ते दोघांनी हुंगून सोडलं. एवढी अनोळखी पावलं, एवढे हात. राखण संपलीच नव्हती, उलट वाढली होती.

उरलेली धार काढता काढता दूधवालीने हे पाहिलं. भरलेला डबा बाजूला ठेवला, पातेल्यांतलं बाकीचं दूध पोरांना वाटायला भट्टीवालीकडे दिलं, आणि पोत्यांच्या त्या फटीत जाऊन बसली, तोंड बाहेर, पाठ कळपाकडे. पाय लांब पसरले, तेवढ्याने ती फट भरून गेली.

"काकू, जरा बघू दे ना," कुणी म्हणालं.

"उद्या," ती म्हणाली. हात आडवा केला. "आता नाही."

मागून येणाऱ्या दुसऱ्या बाईलाही तिने तेच सांगितलं, घड्याळवालीलाही. मुकादम उभ्याने बघत होता. तिने एकदा वळून त्याच्याकडे पाहिलं. "मी आहे रे," ती म्हणाली. "बस आता. माझी पाळी."

तो जवळ आला. तिच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं, तिचा आडवा हात हुंगला, बोटांना दुधाचा वास होता. मग तिच्या पाठीला पाठ लावून तो खाली बसला, बसल्याबसल्या कुशीवर कलंडला, आणि तिला त्याचा श्वास आपल्या मणक्यातून जड होत गेलेला कळला. ढमी तर केव्हाच घोरत होती.

मास्तर चहाचा पेला घेऊन आला. आत जाऊ लागला.

"कुठं चाललात?"

"अगं, मी!"

"तिथंच बसा," ती हळू आवाजात म्हणाली. "झोपलेत ते."

मास्तरने मान हलवली, पेला तिच्या हातात दिला आणि पोत्याला टेकून बाहेरच्या बाजूला, तिच्या शेजारी बसला.